पहिला फ्लॅट घेताय? टोकनचा चेक द्यायच्या आधी काय काय बघायचं

हे मी मुख्यतः पुण्यात पहिल्यांदा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये बुकिंग करणाऱ्यांसाठी. महारेराचे (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नियम राज्यभर तेच आहेत त्यामुळे नाशिक, नागपूर, ठाण्याच्या लोकांनाही बरंचसं लागू पडेल, फक्त मुद्रांक शुल्काचे टक्के आपापल्या गावचे बघून घ्या.

आम्ही मूळचे बार्शीचे. बाबा एसटीतून रिटायर झाले तेव्हा मिळालेल्या पैशातले तीन लाख त्यांनी आम्हाला घरासाठी दिले. गुढीपाडव्याच्या दिवशी आम्ही दोघं "फक्त बघायला" म्हणून एका साईटवर गेलो आणि संध्याकाळी घरी आलो ते एक लाखाचा टोकन चेक देऊन. आजच्या दिवस मॉड्युलर किचन फ्री, या लाईनमधले दोनच फ्लॅट राहिलेत, उद्यापासून रेट वाढणार, असं सगळं ऐकून घाई झाली. फ्लॅट अकराव्या मजल्यावरचा. रात्री मुंबईच्या चुलतभावाला फोन केला तर दादाने पहिलाच प्रश्न विचारला, "परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे?" मला प्रश्नच कळला नाही. त्याने फोनवरच महारेराची साईट उघडायला लावली आणि दिसलं की मंजुरी सातव्या मजल्यापर्यंतचीच आहे, वरचे मजले टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) विकत घेऊन, नकाशा रिवाईज करून नंतर मंजूर करून घेणार होते. म्हणजे आम्ही जो फ्लॅट बुक केला तो कागदावरसुद्धा नव्हता. बुकिंग रद्द केलं, पाच महिने फेऱ्या मारल्या, तेव्हा नऊ हजार कापून पैसे परत आले. बाबांना हे सांगताना मला जे वाटलं ते तुमच्यापैकी कुणाला वाटू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

त्यानंतर वर्षभराने आम्ही दुसरीकडे घर घेतलं, नीट बघून. खालचा क्रम तिथे वापरला तोच आहे.

१. घरी बसून आकडा ठरवा, साईटवर नाही

जाहिरातीतली किंमत आणि तुमच्या खिशातून जाणारे पैसे यात मोठा फरक असतो. समजा करारातली किंमत ६८ लाख आहे. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ७६ हजार. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख ४० हजार. झाले ८ लाख ४६ हजार. यात मेंटेनन्स डिपॉझिट, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, पंखे-ग्रिल-पडदे काहीच धरलेलं नाही.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंतच बँक देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत सहसा धरत नाहीत. म्हणजे ६८ लाखांच्या घराला जास्तीत जास्त ५४ लाख मिळतील आणि उरलेले १४ लाख अधिक वरचे साडेआठ लाख असे साडेबावीस लाख स्वतःचे लागतात. हा आकडा आम्हाला टोकन देताना माहीतच नव्हता, आम्ही पंधरा लाखांत भागेल असं धरून चाललो होतो.

हप्त्याचंही तसंच. ५४ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं असं धरलं तर हप्ता येतो ४६ हजार ९०० च्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले ३८ हजार २५० व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम साडेआठ हजार. वीस वर्षांत नुसतं व्याज साधारण ५८ लाख. मी घाबरवत नाहीये, पण हा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून कागदावर करावा, आणि चालू भाडं अधिक हप्ता दोन्ही किमान दोन-तीन वर्षं बरोबरच भरायचं आहे हेही धरावं.

दोन गोष्टी यातच सांगते. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, वरच्या उदाहरणात ६८ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला टाकलं की ही सवलत जाते. पण नवऱ्याला कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट हवी असेल तर त्याचं नाव मालक म्हणून लागतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब करून मग ठरवा. दुसरं, किंमत ४५ लाखांपर्यंत आणि क्षेत्र ठरलेल्या मर्यादेत असेल तर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागतच नाही. "जीएसटी आम्ही भरतो" अशी ऑफर ऐकलीत तर आधी त्या इमारतीला दाखला मिळालाय का ते विचारा, कारण मिळाला असेल तर भरायला काही नसतंच.

२. महारेराचं पान उघडा आणि तासभर द्या

रेरा कायदा २०१६ चा, आपल्याकडे १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड पण सक्तीचा आहे, तो मोबाईलने स्कॅन केला की थेट प्रोजेक्टचं पान उघडतं. "रेरा नंबर येतोय, आत्ता प्री-लाँच रेट आहे" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नंबर आल्यावर परत जाता येतं, गेलेले पैसे परत आणणं अवघड.

पानावर बघायचं काय तर:

मंजूर मजले किती आणि प्रस्तावित किती. हे दोन वेगळे आकडे असतात. तुमचा मजला मंजूर आकड्याच्या आत पाहिजे. सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करायची परवानगी, तिथेच पीडीएफमध्ये असतं, ते डाऊनलोड करून स्वतः वाचा, त्यात इमारतीचं नाव आणि मजले लिहिलेले असतात. विंग ए चं सीसी दाखवून विंग सी चे फ्लॅट विकायचा प्रकार मी दुसऱ्या एका साईटवर स्वतः बघितलाय.

पूर्ण होण्याची तारीख, मूळची आणि सुधारित. सेल्सवाला सांगतो डिसेंबरमध्ये पझेशन, पानावर तारीख दीड वर्ष पुढची असते. कायद्याच्या हिशेबाने पानावरची आणि करारातली तारीखच धरली जाते. आधीच एक-दोनदा मुदतवाढ घेतलेली असेल तर कारण विचारा.

तिमाही अपडेट. बिल्डरला दर तीन महिन्यांनी किती काम झालं, किती फ्लॅट बुक झाले, किती पैसे आले किती खर्च झाले हे टाकावं लागतं, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांची प्रमाणपत्रं असतात. "दोनच फ्लॅट राहिलेत" हे खरं आहे का ते इथे कळतं. आमच्या त्या पाडव्याच्या साईटवर निम्म्याहून जास्त फ्लॅट शिल्लक होते.

बोजा आणि खटले. जमिनीवर किंवा प्रोजेक्टवर कुणाचं कर्ज आहे का, कोर्टात केस आहे का, हे बिल्डरला जाहीर करावं लागतं. कर्ज असणं हा गुन्हा नाही, बहुतेक प्रोजेक्टवर असतं, पण मग करार करताना त्या वित्तसंस्थेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र मागायचं.

तक्रारी. याच प्रोजेक्टवरच्या आणि त्याच बिल्डरच्या बाकी प्रोजेक्टवरच्या. एखाद-दुसरी असते, पण सगळ्या उशिराच्याच असतील तर तुमचं वेगळं काही होईल असं समजू नका.

एजंटमार्फत जात असाल तर त्याचाही महारेरा नोंदणी नंबर लागतो. विचारायला लाजू नका, नोंदणीवाला एजंट लगेच दाखवतो.

३. जमिनीचे कागद, आणि स्वतःचा वकील

सातबारा किंवा शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्ड ऑनलाईन निघतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यात "इतर हक्क" हा रकाना वाचा, कूळ, बोजा, वारसांची भानगड, कोर्टाचा दावा असं काही असेल तर तिथे उतरलेलं असतं. फेरफारचे, म्हणजे मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर दिलेले असतात तेही काढा. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये गट नंबर टाकून आधीचे व्यवहार बघता येतात.

पण हे सगळं वाचून निष्कर्ष काढणं आपलं काम नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढणारा वकील लावा, आणि तो स्वतःचा लावा. बिल्डर त्याच्या वकिलाचं टायटल सर्टिफिकेट देतो, महारेरावरही असतं, ते चांगलंच, पण तो वकील बिल्डरचा. बरेच लोक म्हणतात बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद क्लिअरच. बँक आपल्या पैशापुरतं बघते. तुमच्या करारात पार्किंग लिहिलंय का, एकतर्फी अटी आहेत का, हे बँकेचा वकील तुमच्यासाठी कशाला बघेल? आम्ही वकिलाला जे पैसे दिले ते एका महिन्याच्या हप्त्यापेक्षा कितीतरी कमी होते.

४. साईटवर दोनदा जा, आणि शेजारच्या सोसायटीत नक्की जा

सॅम्पल फ्लॅटमध्ये फार वेळ घालवू नका. त्यात दरवाजे नसतात, फर्निचर मापाने छोटं करून घेतलेलं असतं. टेप घेऊन जा आणि आपल्या घरातला पलंग, फ्रीज, कपाट यांची मापं लिहून न्या.

त्यापेक्षा त्याच बिल्डरची पाच-सात वर्षांपूर्वीची सोसायटी शोधा आणि रविवारी सकाळी तिथे जा. वॉचमनशी बोला, खाली बसलेल्या आजोबांशी बोला, शक्य झालं तर सेक्रेटरींना भेटा. मी चार प्रश्न विचारायचे: ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालं का आणि पझेशननंतर किती दिवसांनी, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, गळती आहे का, आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात.

टँकरचा प्रश्न पुण्यात सगळ्यात मोठा आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, नवीन प्रोजेक्ट बरेचसे त्याच भागांत आहेत आणि नळाचं पाणी सगळीकडे पोचलेलं नाही. हद्दीत येणं वेगळं, पाणी येणं वेगळं. अनेक ठिकाणी बिल्डरने महापालिकेला हमीपत्र दिलेलं असतं की पाणी येईपर्यंत आम्ही सोय करू, आणि पझेशननंतर ती सोय मेंटेनन्समधून तुम्हीच करता. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जा, शेजारच्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल बघायला मागा, त्यात टँकरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. आम्ही एक अतिशय सुंदर प्रोजेक्ट फक्त यासाठी सोडला, तिथल्या शेजारच्या सोसायटीत दिवसाला नऊ टँकर येत होते.

रस्ता. ब्रोशरमध्ये "तीस मीटर डीपी रोड टच" लिहितात. डीपी म्हणजे विकास आराखडा, त्यात रस्ता आखलेला असणं म्हणजे रस्ता झाला असं नाही, जमीन ताब्यात यायची असते, त्याला वर्षानुवर्षं लागतात. आज गाडी कुठल्या रस्त्याने येते ते बघा आणि तो रस्ता खासगी जागेतून जातो का ते विचारा.

नदी जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते महापालिकेच्या नकाशावर बघा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांना रात्रीत घरं सोडावी लागली. "रिव्हर व्ह्यू"साठी जास्तीचे पैसे देण्याआधी त्या भागातल्या जुन्या माणसाला विचारा की धरणातून पाणी सोडलं की इथे काय होतं. आणि दुसरी चक्कर भर पावसात आणि ऑफिस सुटायच्या वेळेला मारा.

५. कार्पेटवरच भाव काढा

रेरा आल्यापासून विक्री कार्पेट एरियावरच करायची असते, तरी तोंडी बोलताना अजून "सेलेबल", म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्र, चालतं. ९४० सेलेबल, ६८ लाख, म्हणजे चौरस फुटाला सात हजार दोनशे चौतीस, स्वस्त वाटतं. करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, समजा ६२.५०. त्याला १०.७६४ ने गुणा, ६७३ फूट आले. आता भाव झाला दहा हजार शंभर. दोन प्रोजेक्टची तुलना करायची असेल तर हाच भाव घ्या.

कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरत नाहीत. म्हणून बाल्कनीचं क्षेत्र वेगळं लिहून मागा, काही जण सगळं एकत्र करून एकच मोठा आकडा सांगतात.

६. टोकन आणि करार

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर.

नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "वीस टक्के भरा मग करार करू" हे कायद्यात बसत नाही, आणि हा नियम सांगितला की पुष्कळदा सूर बदलतो. टोकन चेकनेच द्या, पावतीवर विंग, फ्लॅट नंबर, मजला, कार्पेट, एकूण किंमत लिहून घ्या. महारेराचा अलॉटमेंट लेटरचा नमुना आहे, त्यानुसार १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीच कापायचं नाही, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन जास्तीत जास्त २ टक्के. मला हे तेव्हा माहीत असतं तर ते नऊ हजारही गेले नसते, मी रद्द करायचं पत्र चौथ्या दिवशीच दिलं होतं.

कराराचा मसुदा टोकनच्या आधीच मागा. महारेराच्या पानावर त्या प्रोजेक्टचा मसुदा अपलोड केलेला असतो, तुम्हाला दिलेला आणि तो शेजारी ठेवून वाचा. सह्या करायच्या दिवशी ऐंशी पानं हातात देतात आणि "स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम" म्हणतात, त्या दिवशी कुणी वाचू शकत नाही. आम्ही दुसऱ्या वेळी मसुदा दहा दिवस घरी ठेवला, रोज रात्री जेवणं झाली की पाच-सात पानं वाचायचो आणि पेन्सिलने खुणा करायचो.

यात काय शोधायचं? पझेशनची तारीख, नुसतं "अंदाजे" नको. पार्किंग करारातच पाहिजे, नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि कुठल्या लेव्हलला ते सगळं. उघडं पार्किंग ही सामाईक जागा आहे, ते विकता येत नाही, त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. उशीर झाला तर काय हे कलम: कायद्याने तुम्ही बाहेर पडून व्याजासकट पैसे परत मागू शकता किंवा थांबून दर महिन्याचं व्याज घेऊ शकता, आणि व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर (बँकेचा कर्जासाठीचा आधार दर) २ टक्के. तुम्ही हप्ता उशिरा भरला तर जो दर तोच बिल्डरलाही, दोन्हीकडे सारखा आहे का बघा. नकाशात बदल करायला आधीच सरसकट संमती देणारं कलम असेल तर वकिलाला दाखवा, कायद्याने इमारतीच्या मंजूर नकाशात मोठा बदल करायला दोनतृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. आणि तोंडी जे जे कबूल केलंय, मॉड्युलर किचन असो की टाइल्सचा ब्रँड, ते परिशिष्टात उतरलं पाहिजे.

आमच्या करारात एका पार्किंगची उंची लिहिलेली नव्हती, विचारल्यावर कळलं ते रॅम्पखालचं होतं. बदलून मिळालं, कारण सही झालेली नव्हती.

७. कर्ज आणि नोंदणी

तीन बँकांकडून लेखी घ्या: दर, प्रोसेसिंग फी, लीगल चार्जेस. वैयक्तिक फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, त्यामुळे दिवाळीचा बोनस आला की थोडं मुद्दल फेडता येतं आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याचा फार फरक पडतो. कर्जासोबत विमा गळ्यात मारतात, तो सक्तीचा नाही, हवा असेल तर बाहेर तुलना करून घ्या. पैसे बांधकामाच्या टप्प्यानुसारच सोडायला सांगा. डिमांड लेटर आलं की साईटवर जाऊन स्लॅब खरंच पडलाय का बघा, फोटो काढा, मगच बँकेला होय म्हणा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक पेमेंटमधून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारला भरायचा असतो, तो जास्तीचा खर्च नाही, किमतीतूनच वजा होतो. पण भरायची जबाबदारी तुमची, विसरलात तर व्याज आणि लेट फी तुम्हालाच.

नोंदणीला लागणारे कागद असे:

- सगळ्यांचं पॅन आणि आधार, मूळ आणि झेरॉक्स
- मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीची चलनं
- छापलेला करार, सगळ्या परिशिष्टांसकट
- सीसी, मंजूर नकाशा, महारेरा प्रमाणपत्र आणि टायटल सर्टिफिकेटच्या प्रती करारात जोडलेल्या
- ओळख पटवायला दोन माणसं, त्यांचं आधार
- कुणी परदेशी किंवा बाहेरगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र, हे आधीच करून ठेवा

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भाव) यातलं जे जास्त त्यावर लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हावी लागते, पण थांबू नका. संगणकावर भरलेली माहिती सबमिट करायच्या आधी नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर, क्षेत्र स्वतः वाचा, नंतर चूक दुरुस्त करायला चूक दुरुस्ती लेख करावा लागतो आणि परत सगळे जमा करावे लागतात. घरी आल्यावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, डाऊनलोड करून दोन-तीन ठिकाणी सेव्ह करा.

८. चावी घ्यायच्या आधी ओसी

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात आल्याशिवाय पझेशन घेऊ नका. "फिट-आउट पझेशन" म्हणून चावी देतात, फर्निचर करून घ्या म्हणतात, आपणही भाड्याला कंटाळलेले असतो. पण त्या दिवसापासून मेंटेनन्स सुरू होतो, शिवाय ओसी नसलेल्या इमारतीत राहणं बेकायदेशीर आहे आणि पुढे विकताना खरेदीदाराच्या बँकेला कर्ज द्यायला अडचण येते. आम्हालाही हीच ऑफर होती. आम्ही चार महिने आणखी भाडं भरलं, जड गेलं, पण थांबलो.

चावी घेताना बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघा, सगळे नळ, सॉकेट, खिडक्या, टाइल्स टकटक करून. दोष लिहून काढा आणि मेल करा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, पण तक्रार लेखी पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा फोटो धरत नाहीत.

काही बिनसलंच तर महारेराकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी पाच हजार. त्याआधी त्यांच्या सलोखा मंचात जाऊन बघा, तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा प्रतिनिधी असतो, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

९. राहायला गेल्यावर

मिळकत कराची आकारणी झाली की लगेच, स्वतः राहत असाल तर, पीटी-३ फॉर्म भरून द्या. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत देते पण अर्ज तुम्हाला करावा लागतो. वीज मीटर आपल्या नावावर करून घ्या.

सोसायटी. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की सोसायटी स्थापन करायची प्रक्रिया बिल्डरने सुरू करायची असते. तो टाळत असेल तर सगळ्यांनी मिळून मागे लागा, कारण सोसायटी झाल्याशिवाय जमिनीचं कन्व्हेयन्स होत नाही आणि जमीन नावावर नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी बोलायला जागा राहत नाही. बिल्डर कन्व्हेयन्स देतच नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय कन्व्हेयन्स करून घ्यायचा, मार्ग आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, तिला जा. हिशेब बघायला मागणं हा सभासदाचा हक्क आहे, त्यात सेक्रेटरीवर अविश्वास वगैरे काही नाही. मी पहिल्याच सभेत टँकरच्या पावत्या मागितल्या, दोन जण नाराज झाले, पुढच्या महिन्यापासून पावत्या नोटीस बोर्डवर लागायला लागल्या.

आणि मतदार यादी. पत्ता बदलला की फॉर्म ८ भरायचा, नवीन नाव असेल तर फॉर्म ६. दोन्ही ऑनलाईन होतात, काही अडलं तर १९५० ला फोन. लोकं घरासाठी आयुष्याची कमाई घालतात आणि नाव गावाकडच्या यादीत तसंच राहतं, मग रस्ता, पाणी, ड्रेनेज कुणाकडे मागणार? पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक असतं, त्यात आपल्या प्रभागासाठी फूटपाथ, दिवे, बसथांबा अशी छोटी कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. आमच्या गेटपासून मेन रोडपर्यंत रात्री मिट्ट काळोख असायचा, आम्ही सोळा कुटुंबांनी दिव्यांसाठी वेगवेगळे अर्ज दिले, आणि त्याच रविवारी क्लब हाऊसमध्ये लॅपटॉप लावून बसलो, जो खाली उतरेल त्याला आधार आणि लाईट बिल घेऊन यायला सांगायचं आणि तिथेच फॉर्म ८ भरून द्यायचा. दुपारपर्यंत एकतीस झाले. बाबा बार्शीहून आले होते, ते दारातच खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचे, "बिल आणलंय का बरोबर?"